कॉफी, व्हॅनिला आणि मंजिरीचं नाक

इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोकच्या पंचवीस-तीस मराठी घरांत मंजिरीच्या नाकाचा दरारा होता. कुणाच्याही घरी गेली की ती उंबऱ्यातच क्षणभर थांबायची, हलकेच श्वास घ्यायची आणि गोड आवाजात विचारायची, "काल बांगडा होता का गं?" यजमानीणबाईचा चेहरा पडायचा. मग मंजिरी तिच्या दंडावर हात ठेवून म्हणायची, "अगं, मला आपलं पटकन येतं. बाकी कुणाला कळणार नाही." एवढं झालं की ती बाई दिवसभर कुणाच्या जवळ बसायची नाही.

या देशात बाईला वासाची भीती वाटते, ती उगाच नाही. थंडीचे सहा महिने खिडक्या बंद, पायाखाली कार्पेट, दाराशी लोकरीचे कोट लटकलेले. शनिवारी घातलेली फोडणी मंगळवारपर्यंत घरात मुक्काम करते आणि मग कोटात बसून ऑफिसला जाते. म्हणून इथल्या आपल्या बायकांची एक रीत आहे. कढईत मोहरी पडायच्या आधी सगळ्यांचे कोट वरच्या बेडरूममध्ये न्यायचे, दार घट्ट लावायचं आणि मगच हिंगाच्या डबीला हात लावायचा. इंग्लंडला नवीन आलेल्या मुलीला ही रीत मंजिरीच शिकवायची, आणि शिकवताना तिचा कोट आधी हुंगून दाखवायची.

आता खरं काय ते सांगून टाकतो. मंजिरीला चार वर्षांपासून कसलाच वास येत नव्हता.

कोविड झाला तेव्हा ताप तीन दिवसांत उतरला. वास गेला तो गेलाच. जीपी, म्हणजे इथली फॅमिली डॉक्टर, फोनवर म्हणाली, सहा महिने वाट बघा. मंजिरीने लिंबू हुंगलं, लवंग हुंगली, निलगिरीच्या तेलाची बाटली नाकाला लावून बसली. काही नाही. जयंत, तिचा नवरा, महिन्याभराने सहज म्हणाला, "आला का गं वास परत?" आणि ती "आला की" म्हणून मोकळी झाली. का म्हणाली ते तिलाही सांगता आलं नसतं. लहानपणापासून तिच्यात मिरवण्यासारखं एवढंच होतं. दिसायला बेताची, अभ्यासात बेताची, पण पुण्याच्या सोसायटीत कोणत्या मजल्यावर काय शिजतंय ते जिन्यात उभं राहून सांगायची, आणि लोक कौतुक करायचे.

त्याच उन्हाळ्यात तिची आई गेली. विमानं बंद, जाणं झालं नाही. भावाने आईची रोजच्या वापरातली साडी न धुता, पिशवीत घट्ट बांधून कुरिअरने पाठवली. मंजिरीने ती पिशवी उघडली, साडीत तोंड खुपसलं, आणि तिला नुसतं कापड लागलं. त्या दिवशी ती फार रडली. तेव्हा कुणी जवळ असतं आणि तिने खरं सांगितलं असतं, तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण घरी कुणी नव्हतं. तिने तोंड धुतलं आणि संध्याकाळचा कुकर लावला.

मग कधीतरी कुणाकडे तरी जेवायला गेली असताना त्या घरच्या बाईने घाबरत विचारलं, "मंजिरीताई, वास नाही ना येत?" मंजिरीला काय उत्तर द्यावं सुचेना, म्हणून तिने नाक जरासं मुरडलं. ती बाई लालबुंद झाली आणि धावत जाऊन खिडकी उघडून आली. मंजिरीला त्या दिवशी एक मोठी गोष्ट कळली. यात स्वतःच्या नाकाची गरजच नाही. समोरचीची भीती पुरते. स्वयंपाक तर सगळ्याच करतात. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून, या धंद्यात ती थोड्याच दिवसांत तरबेज झाली.

देवयानी दीड वर्षापूर्वी नागपूरहून आली. नवरा अवधूत इथल्या एका बिझनेस पार्कात सॉफ्टवेअरमध्ये, आणि ती तिकडे शाळेत शिकवायची. बोलायला मोकळी, हसायला मोकळी, कुणाच्याही मुलाला मांडीवर घेऊन गोष्ट सांगणारी. चार महिन्यांत सगळ्यांची झाली. इथल्या मराठी मंडळातल्या सगळ्यांत मोठ्या शशीकाकू, चाळीस वर्षं कॉव्हेंट्रीत काढून आता मुलाजवळ इकडे राहायला आलेल्या, त्यासुद्धा काही लागलं की आधी देवयानीला फोन करायला लागल्या. पूर्वी तो फोन मंजिरीला यायचा.

नोव्हेंबरात देवयानीला एका प्रायमरी शाळेत टीचिंग असिस्टंटचा इंटरव्ह्यू आला. बस चुकली म्हणून तिने मंजिरीला लिफ्ट मागितली. मंजिरी लगेच आली, तिला शेजारी बसवलं, सीटबेल्ट लावून दिला. आणि गाडी वळणावर आल्यावर बटण दाबून चारही काचा खाली केल्या. बाहेर चार डिग्री.

"ताई, थंडी वाजतेय," देवयानी म्हणाली.

"हो गं. पण तुझा कोट." मंजिरी रस्त्याकडे बघत म्हणाली. "वाईट वाटून घेऊ नकोस. सकाळी पोहे केलेस ना?"

पोहे केले होते. रविवार सोडला तर बेसिंगस्टोकमध्ये निम्म्या घरांत पोहेच होतात, त्याला नाक कशाला लागतं. पण देवयानीने कोट काढला, घडी घालून पायाशी ठेवला आणि उरलेला रस्ता दात वाजवत काढला. इंटरव्ह्यूला ती कोट गाडीतच ठेवून गेली. तिने नंतर शशीकाकूंना सांगितलं की खुर्ची मागे सरकवून बसले, हात अंगाशी धरून, आणि समोरची बाई जरा पुढे झुकली की मी मागे व्हायचे. त्या बाईला वाटलं असणार, हिला मुलांची भीती वाटते. नोकरी मिळाली नाही. मंजिरीला ते कळलं तेव्हा ती "अरेरे" म्हणाली, आणि त्या संध्याकाळी तिला जेवण जरा जास्त गेलं.

त्यानंतर देवयानीने सेंट लावायला सुरुवात केली. मंजिरीला हे समजलं ते तिच्या मुलीमुळे. सिया पंधरा वर्षांची, इथेच जन्मलेली, तिचं मराठी तिच्यासारखंच घाईत असतं.

"आई, देवयानी मावशी सो नाइस स्मेल करते. तो कॉफी-व्हॅनिलावाला बॉटल आहे ना, माझा इयरमधला सगळा मुली तोच लावते. इट्स अ ड्यूप, कॉस्टली ब्रँडचा कॉपी. एकदम चीप आहे, पण रिअली छान आहे. लाइक, कॉफी शॉपमध्ये केक खाल्ला तर कसा?"

मंजिरीने हे सगळं नीट लक्षात ठेवलं. सियाचं बोलणं हाच तिचा अभ्यास असायचा. पुढच्या रविवारी शशीकाकूंकडे जेवायला बारा जणी जमल्या होत्या, तेव्हा देवयानी वाढायला शेजारी आल्यावर मंजिरी म्हणाली, "देवयानी, चांगला प्रयत्न आहे गं. पण फोडणीवर कॉफी ओतल्यासारखं झालंय." सगळ्या हसल्या. देवयानीही हसली, पण सगळ्यांचं हसून झाल्यावर.

तिने घरात फोडणी बंद केली. अवधूत वरण-भातावर नुसतं तूप घेऊन जेवायचा आणि अर्चनाच्या घरी जाऊन दोन वाट्या आमटी प्यायचा. अर्चना म्हणजे मंजिरीची शेजारीण आणि जवळजवळ सावली. तिने ही गोष्ट हसत हसत मंजिरीला सांगितली आणि मंजिरीही पोटभर हसली.

संक्रांतीच्या आधीच्या शनिवारी देवयानी मंजिरीकडे तिळाच्या वड्या करायला मदतीला आली. नव्या मुलींनी आपलं वाण मंजिरीच्याच घरी आणून लुटायचं, ही पद्धत मंजिरीने पाडली होती. घरं लहान, वीकेंड थोडे, त्यामुळे सगळ्यांना सोयीचंही होतं. शेगडीवर गुळाचा पाक ठेवला होता. मंजिरी त्याच्याकडे पाठ करून, देवयानीची वेणी हातात धरून तिला समजावत होती की वास कपड्यांपेक्षा केसांत जास्त राहतो, तुझ्या केसांत आत्ताही लसूण आहे.

"ताई," देवयानी म्हणाली, "पाक लागत नाही ना?"

"नाही गं. मला जरा खरपूसच आवडतो."

आणखी मिनिटभराने छतावरचा स्मोक अलार्म किंचाळायला लागला. मंजिरी दचकून वळली. पातेल्यातून काळा धूर निघत होता आणि शेगडीच्या वर निळसर ढग धरला होता. देवयानी जागची हलली नव्हती. ती धुराकडे बघत नव्हती, मंजिरीकडे बघत होती. तिने शांतपणे पातेलं उचललं, सिंकमध्ये ठेवलं, टॉवेलने अलार्मखाली वारा घातला आणि म्हणाली, "माझ्या केसांतला लसूण मात्र आला तुम्हाला."

मंजिरीने ते न ऐकल्यासारखं केलं. पण त्या रात्री तिला लवकर झोप आली नाही.

पुढच्या रविवारी दुपारी हळदीकुंकू झालं. मंजिरीने काळी पैठणी नेसली होती, हलव्याचे दागिने घातले होते. सोळा जणी आल्या. कोट वरच्या बेडरूममध्ये गेले. मंजिरीने एकेकीला हळदकुंकू लावलं, तिळाची वडी दिली, मनगटाला अत्तर लावलं, आणि शेवटी दरवर्षीप्रमाणे अत्तराचं बोट स्वतःच्या नाकाशी नेऊन डोळे मिटले. "कनौजचं," ती म्हणाली. "इकडे मिळत नाही." बाया माना डोलवत होत्या. तिला बरं वाटलं.

मग नव्या मुलींची वाणं निघाली. कुणी स्टीलच्या वाट्या आणल्या होत्या, कुणी सुगंधी मेणबत्त्या. देवयानीने पिशवीतून सोळा खोके काढले. तपकिरी रंगाचे, वर कॉफीच्या बिया आणि व्हॅनिलाचं फूल, आणि प्रत्येकावर पाच पौंड नव्व्याण्णवचं लेबल तसंच चिकटवलेलं. वाणावरची किंमत काढायची असते हे शेंबड्या पोरालाही कळतं. मंजिरीने ते लेबल पाहिलं आणि तिच्या ओठांवर हसू आलं. पहिला खोका देवयानीने तिच्याच हातात दिला.

"ताई, आधी तुम्ही. तुम्ही बरं म्हणालात की मला समाधान."

खोलीतलं बोलणं थांबलं. मंजिरीने बाटली काढली, सावकाश, सगळ्यांना दिसेल अशी. मनगटावर दोनदा फुसफुस केलं, हात नाकाशी नेला आणि लगेच मागे घेतला.

"कॉफी," ती म्हणाली. "आधी एकदम कॉफी येते, जळकी. मग व्हॅनिला, ती स्वस्त आइस्क्रीममधली. आणि खाली सगळं स्पिरिट. देवयानी, राग मानू नकोस हं, तू प्रेमाने आणलंस. पण माझं डोकं उठलं बघ. अर्चना, खिडकी उघड गं, सगळ्या खोलीत पसरलंय."

अर्चना तिच्या अगदी खांद्याला लागून बसली होती. ती उठायला लागली आणि थांबली. "मला काहीच येत नाहीये," ती म्हणाली.

"तुला सर्दी असेल."

"नाही हो."

शशीकाकू पलीकडच्या सोफ्यावर होत्या. त्या गुडघ्यावर हात ठेवून उठल्या, मंजिरीजवळ आल्या, तिचं मनगट हातात घेऊन नाकाशी धरलं. मग बाटली घेऊन आपल्या तळहातावर मारली, हुंगली आणि तळहात चाटून पाहिला.

"हे पाणी आहे गं," त्या म्हणाल्या.

"नळाचं," देवयानी म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "तुमची एकच बाटली मी काल रिकामी करून, धुऊन, पाणी भरून आणली. बाकीच्यांच्या खऱ्या आहेत. उघडून बघा."

दोघी-तिघींनी खरंच उघडल्या. खोलीत कॉफी आणि व्हॅनिला दरवळली असणार, कारण बायांचे चेहरे एकामागून एक बदलत गेले. मंजिरी फक्त चेहरे बघत होती. तिला काही कळायचं ते चेहऱ्यांवरूनच कळायचं.

"कोविडपासून," ती शेवटी म्हणाली. "चार वर्षं झाली."

कुणीतरी जवळ येईल असं तिला वाटलं. तिला त्या क्षणी आईची साडी आठवली, आणि हे सगळं एका दमात सांगून टाकावंसं वाटलं. शशीकाकू म्हणाल्याही, "अगं, सांगायचंस ना. आम्ही सांभाळून घेतलं असतं." पण त्यांनी तिचं मनगट सोडलं होतं.

मग अर्चना बोलली. ती कधी कुणाला उलट बोलायची नाही.

"माझ्या सासूबाई आल्या होत्या तेव्हा तुम्ही म्हणाला होतात की घराला म्हातारपणाचा वास येतो. परवा-परवाची नाही, तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. मी त्यांची गोधडी टाकून दिली. मार्चमध्ये त्यांच्या खोलीची खिडकी उघडी ठेवायचे. पाहुणे आले की त्यांना वर बसवायचे. त्या एक महिना आधीच परत गेल्या, आणि पुढच्या दिवाळीत..." ती थांबली. "त्यांना तुम्ही एकदाच भेटला होतात. तुम्हाला काही येत नव्हतं ना तेव्हा?"

मंजिरी ओलं मनगट पदराला पुसत राहिली.

त्यानंतर कुणी भांडलं नाही, आवाज चढवला नाही. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं, निदान रडता आलं असतं. बायांनी वड्या संपवल्या, कपबश्या स्वतःच किचनमध्ये नेऊन विसळल्या, वर जाऊन आपापले कोट आणले. "छान झालं हं हळदीकुंकू," म्हणाल्या, इथे राहून शिकलेल्या त्या साफ आवाजात. जाताना प्रत्येकीच्या हातात तपकिरी खोका होता.

देवयानी सगळ्यांच्या शेवटी राहिली. दाराशी उभं राहून तिने कोटाची बटणं लावली. ती जिंकली होती, तिने आता निघून जायला हवं होतं. पण चार डिग्रीत दात वाजवत बसवलेलं माणूस विसरत नाही.

"ताई," ती म्हणाली, "वाईट वाटून घेऊ नका. पण एक सांगायचंच राहिलं. तुमच्या अंगाला वास येतो."

मंजिरीचा हात आपोआप पदराकडे गेला.

"बरेच दिवस झाले. कसला ते मला नीट सांगता येणार नाही. ओलं फडकं बंद डब्यात राहिल्यासारखा काहीतरी. सगळ्यांना येतो. तुमचं नाक एवढं तिखट, तुम्हाला कळतच असेल, असं वाटून कुणी बोललं नाही."

"खोटं बोलतेस तू."

"असेल," देवयानी म्हणाली. तिने पिशवीतून सतरावा खोका काढून मंजिरीच्या हातात ठेवला. "ही तुमची खरी बाटली." आणि ती दार ओढून घेऊन गेली.

घरात कुणी नव्हतं. सिया मैत्रिणीकडे, जयंत बॅडमिंटनला. मंजिरीने पदर नाकाला लावला. दंड लावला. केस पुढे ओढून तोंडावर घेतले. वर जाऊन कपाटातले ब्लाउज एकेक काढून हुंगले, टॉवेल हुंगला, उशी हुंगली. सगळीकडे नुसतं कापड. खोटं बोलतेय ती, मंजिरी स्वतःशी म्हणाली. सूड उगवतेय. मग तिला आठवलं की गेल्या महिन्यात मंडळाच्या मीटिंगला शेजारची खुर्ची रिकामीच राहिली होती. सिया हल्ली मिठी मारत नव्हती. पंधरा वर्षांच्या मुली मारत नाहीतच. जयंत मध्यंतरी दुसऱ्या खोलीत झोपायला गेला, पाठदुखी म्हणून. एकदा सुरुवात झाल्यावर आठवायला खूप निघालं.

तिने आंघोळ केली. दोनदा साबण लावला, केस धुतले, स्वच्छ धुतलेला ड्रेस घातला. मग खोका फोडला आणि मानेवर, दंडांवर, केसांवर बाटली मारत राहिली. ही खरी आहे की हिच्यातही पाणीच आहे, हेसुद्धा तिला कळायला मार्ग नव्हता. चाटून बघायची तिची हिंमत झाली नाही. तळाशी बोटभर उरेपर्यंत ती थांबली नाही. जयंत येईल, तिने ठरवलं. जयंतचा चेहरा बघायचा. त्यावरून कळेल.

साडेपाचला किल्ली फिरली. जयंत आत आला, रॅकेट कोपऱ्यात ठेवली, कोट काढून दाराजवळच्या खुंटीला अडकवला. मंजिरी सोफ्यावर हात मांडीत घेऊन बसली होती. तो दोन पावलं आत आला आणि थबकला. सरळ खिडकीपाशी गेला आणि ती सताड उघडली. जानेवारीचा वारा आत आला.

"का उघडलीस?" मंजिरीने विचारलं.

"असंच."

"जयंत, कसला वास येतोय? खरं सांग."

तो हसला. थकून आलेला माणूस हसतो तसा, प्रेमानेच. "तू मला विचारतेस? घरात नाक तुझं." मग तो दाराशी गेला, खुंटीवरचा स्वतःचा कोट काढला, त्याच्याशेजारचा सियाचाही काढला. दोन्ही हातावर घेऊन वर गेला, आणि बेडरूमचं दार त्याने घट्ट लावून घेतल्याचं तिला खाली ऐकू आलं.